पश्चिमेची गॅलरी

१

मी गॅलऱ्या बांधतो. कबड्डीचे सामने, बैलगाड्यांच्या शर्यती, जयंतीचं स्टेज, सभेचा मंच, लग्नाची कमान. जे काही तीन-चार दिवस उभं राहायचं आणि मग मागमूस न ठेवता निघून जायचं, ते आमचं काम. शेड किन्हवलीच्या रस्त्याला आहे. बोलावणं आलं की लोखंडी पाइप, क्लॅम्प आणि फळ्या टेम्पोत भरायच्या आणि शहापूर-मुरबाडकडच्या कुठल्याही गावात जाऊन रिकाम्या शेतात उतरायचं.

माझं नाव रत्नदीप. या कामात सतरा वर्षं गेली. बरोबर दामूदादा असतो. तो साठीला आलेला, शेतकरी घरातला, आधी हायवेच्या पुलांवर परांच्या बांधत होता. मला हे काम त्यानेच शिकवलं. कुठल्या पाइपावर किती भार आहे हे तो कानाने ओळखतो. गॅलरी उभी झाली की हातातल्या पान्याने प्रत्येक उभ्या पाइपावर एक टोला मारायचा. वर कोणी नसेल तर पाइप घंटेसारखा वाजतो आणि आवाज थोडा वेळ रेंगाळतो. वर माणसं बसली की तोच पाइप ठक्क करतो आणि गप्प होतो. भरल्या गॅलरीत एखादा पाइप गातच राहिला, तर समजायचं की तो भार घेत नाही आणि शेजारच्यावर जास्त पडतोय.

दुसरी खूण जॅकची. प्रत्येक उभ्या पाइपाच्या बुडाशी स्क्रूचा जॅक असतो, खाली लाकडी ठोकळा. वर कोणी नसेल तर जॅकचा नट दोन बोटांनी फिरतो. माणसं बसल्यावर तो फिरवायचा तर पान्याला लांब पाइप लावून दोघांनी लोंबकळावं लागतं.

हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं या दोन खुणांवर आहे. मी दुसरं फारसं काही पाहिलेलं नाही.

२

सावरोटे गाव मुरबाड तालुक्यात आत आहे. तिथल्या मंडळाचे कबड्डीचे सामने फेब्रुवारीतल्या एका शनिवार-रविवारी होते. भात कापून महिने झालेलं मोठं शेत, जमीन वाळून दगड झालेली. मधे मॅट, आणि मॅटच्या पूर्वेला आणि पश्चिमेला समोरासमोर दोन गॅलऱ्या. प्रत्येकीला अकरा पायऱ्या, पाचेकशे माणसं बसतील एवढी. वर छप्पर नाही, मागे हिरवं कापड, आणि चढायला बाजूला एकच जिना. शुक्रवारी संध्याकाळी आम्ही काम संपवलं, दोन्हीकडे टोले मारले. सगळं खणखणीत वाजलं.

शनिवारी सकाळी सात वाजता सवयीने पुन्हा फिरलो. सामने दहाला सुरू व्हायचे होते, मैदानात झाडू मारणाऱ्या दोन बाया सोडून कोणी नव्हतं. पूर्वेची गॅलरी वाजली. मग मी पश्चिमेकडे आलो. पहिला पाइप वाजला. दुसरा वाजला. तिसऱ्यावर टोला मारला तर ठक्क.

मला वाटलं पाना नीट बसला नाही. पुन्हा मारला. ठक्क. चौथा तसाच, पाचवा तसाच. मधले सगळे पाइप असे बोलले, जसे अंतिम सामन्याला बोलतात. मी बाहेर येऊन वर बघितलं. अकरा पायऱ्या, दवाने ओल्या, आणि त्यांच्यावर एक कावळाही नव्हता.

जॅकचा नट धरला. हलला नाही. दोन्ही हातांनी धरला, पाना लावला, तरी नाही. पूर्वेला जाऊन तिथला धरला, दोन बोटांनी फिरला.

दामूदादा चहा घेऊन येत होता. त्याला बोलावलं. त्याने चहा खाली ठेवला, चार-पाच टोले मारले, कान पाइपाला लावला. मग वाकून ठोकळ्यांकडे बघत राहिला. कोरड्या, कडक जमिनीत ते दोन-दोन बोटं आत गेले होते.

"दव हाय," तो म्हणाला.

दव दोन्ही गॅलऱ्यांवर होतं. हे मी त्याला सांगितलं नाही. चहा तसाच राहिला.

३

शनिवारी गर्दी बेताचीच होती. बहुतेक माणसं पूर्वेच्या गॅलरीत बसली, कारण तिथे सकाळी ऊन पाठीवर येतं. पश्चिमेला शंभरेक असतील. मी दिवसभर तिच्याखाली थांबलो. लोकांना वाटलं सावलीला बसलोय.

माणसं बसली की खालून फळी वाकलेली दिसते. इथे ती आधीच वाकलेली होती, आणखी वाकायची बाकी नव्हती. माणूस बसला काय, उठला काय, फळी होती तशीच.

साडेअकराच्या सुमाराला एक बाई दोन मुलांना घेऊन जिन्याने वर गेली आणि लगेच खाली आली. स्वयंसेवकाने विचारलं, काय झालं. ती म्हणाली, जागा नाही. त्याने वर बघितलं. मधल्या पाच-सहा ओळी जवळजवळ मोकळ्या होत्या. तो हसला आणि तिला म्हणाला, बघा की मावशी, एवढी जागा आहे. तीही वळून बघायला लागली. बघताना तिच्या चेहऱ्यावर आपलंच काहीतरी चुकल्याची लाज आली. पण वर ती परत गेली नाही, पूर्वेला जाऊन गर्दीत उभी राहिली.

दुपारपर्यंत असे सात-आठ जण खाली आले. एकाने मित्राला सांगितलेलं मी ऐकलं, "सरक म्हटला तरी कोन सरकत नाय तिथं."

आणखी एक गोष्ट. सामना संपला आणि माणसं उठून उतरली की गॅलरी हलकी होते. फळ्या वर येतात, क्लॅम्प करकरतात, खालून ऐकलं तर मोठ्या जनावराने श्वास सोडल्यासारखं वाटतं. संध्याकाळी पूर्वेच्या गॅलरीने तसा श्वास सोडला. पश्चिमेची शेवटचा माणूस उतरून गेल्यावरही गप्पच होती.

मी खिशातला खडू काढला आणि मधल्या पाइपांच्या जॅकवर, ठोकळ्याला लागून, रेघा ओढल्या. ठोकळे जमिनीशी जिथे टेकत होते तिथेही ओढल्या. मग घरी गेलो.

४

आमच्या घरात देव्हारा नाही, अंगारा नाही, भगत नाही. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा हे सगळं उंबऱ्याबाहेर गेलं. माझी आई, चंद्राबाई, वाशिंदच्या एका कारखान्यात वीस वर्षं कामाला होती. मी दहा वर्षांचा असताना पाड्यातल्या पोरांनी मला सांगितलं, विहिरीवर दुपारी कोणी बसलेलं असतं. मी पाणी आणायला जाईना. आईने मला हाताला धरून नेलं आणि भर दुपारी विहिरीच्या काठावर बसवलं. स्वतः शेजारी बसून तांदूळ निवडत राहिली. मी कंटाळून पेंगायला लागलो तेव्हा म्हणाली, बसलेलं कोण होतं ते कळलं का? आपणच होतो.

तेव्हापासून मी कशाला भ्यालो नाही. म्हणून त्या शनिवारी रात्री जेवताना मला भीतीपेक्षा लाज जास्त वाटत होती. मी मनाशी कारणं लावत होतो. जमिनीखाली उंदरांची बिळं असतील, ठोकळे त्यात बसले असतील. चौकट एका बाजूला ताणली गेली असेल, ताणलेला पाइपही असाच वाजतो. लोकांचं म्हणाल तर एकाने जागा नाही म्हटलं की दुसरा तेच म्हणतो.

कारणं चांगली होती. पण दुसऱ्या दिवशी तीन वाजता माझ्या मुलीचा, दिपिकाचा सामना होता. मुलींच्या गटात त्यांची शाळा अंतिम फेरीत आली होती. ती जेवताना सुद्धा पाय हलवत होती. श्वेता, माझी बायको, तिच्याबरोबर खेळाडूंच्या तंबूत थांबणार होती. आई म्हणाली, मी लवकर जाऊन पुढची जागा धरते.

मी म्हणालो, पूर्वेच्या गॅलरीत बस. का, ते सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही. दुपारनंतर पूर्वेच्या गॅलरीत ऊन थेट तोंडावर येतं, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

५

रविवारी सकाळी आम्ही शेडवरून जास्तीचे पाइप घेऊन गेलो. आधी रेघा बघितल्या. ठोकळ्यांवरच्या रेघा मातीत गेल्या होत्या. आदल्या संध्याकाळपासून गॅलरी आणखी एक बोट खाली बसली होती, आणि मधल्या वेळात तिच्यावर कोणी चढलं नव्हतं. मैदानाच्या कडेला मंडळाची पोरं झोपायला होती, त्यांना विचारून खात्री केली.

दामूदादाने टेकू द्यायला सुरुवात केली. नवा पाइप उभा करायचा, खाली जॅक, वर क्लॅम्प, आणि जॅक आवळत आणायचा. क्लॅम्प लागला, नट दोन वेढे फिरला की तो पाइप लगेच मुका व्हायचा. आम्ही असे बारा टेकू दिले. बाराही मुके झाले.

सामने दुपारी बाराला सुरू व्हायचे होते. अकराच्या सुमाराला मी एकटाच खाली होतो. दामूदादा क्लॅम्प आणायला टेम्पोकडे गेला होता. उन्हाने आता चांगला जोर धरला होता आणि फळ्यांमधल्या फटींतून त्याचे पट्टे खालच्या जमिनीवर पडले होते. रिकाम्या गॅलरीखाली हे पट्टे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ जातात, साडीच्या काठासारखे. मी ते सतरा वर्षं बघतो आहे.

ते सरळ नव्हते. हातभर उजेड, मग अंधार, मग पुन्हा थोडा उजेड, मग अंधार. प्रत्येक ओळीत तसंच, सारख्या अंतराने. माणसं दाटीने बसल्यावर पट्टे असेच तुटतात.

मी श्वास धरून उभा राहिलो. नीट बघायचं ठरवलं. वर फटीतून आकाश दिसतं का ते बघायला मान मागे टाकली. जिथे उजेड होता तिथे आकाश दिसत होतं. जिथे नव्हता तिथे काहीच दिसत नव्हतं, फळीही नाही. मी एक पाऊल पुढे टाकलं. तेव्हा माझ्या डोक्यावरचा उजेडाचा एक तुकडा हळूच मिटला. मग त्याच्या शेजारचा. बसलेल्या माणसाने खाली कोण आहे ते बघायला वाकावं, आणि त्याला बघून शेजाऱ्यानेही वाकावं, तसा.

माझ्या पायाशी अंधाराचा एक गोल तयार झाला आणि मी त्यात उभा होतो. मी पळालो नाही. पाय उचलले गेले नाहीत, एवढंच. दामूदादाने बाहेरून हाक मारली तेव्हा पट्टे पुन्हा आधीसारखे तुटक झाले आणि मी चालत बाहेर आलो.

६

मंडळाचा अध्यक्ष मनोज. मुरबाडला त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे, एके काळी तो स्वतः चांगला चढाईपटू होता. माणूस सरळ. मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, पश्चिमेची गॅलरी बंद ठेव. त्याने कारण विचारलं. मी म्हणालो, जमीन धरत नाही.

तो म्हणाला, दोन हजार माणूस येणार, अर्धी गॅलरी बंद ठेवून मी त्यांना कुठे बसवू? मग माझ्या तोंडाकडे बघून थोडा मऊ झाला. "चल, मी सोता चढून बघतो."

तो जिन्याने वर गेला. मी खाली, बाहेरच्या बाजूला, उभा राहून बघत होतो. पाचव्या पायरीवरून तो या टोकाकडून त्या टोकाला गेला, मधे थांबून दोनदा उडी मारली, फळी घट्ट आहे का बघितलं. सगळं ठीक होतं. फक्त तो सरळ चालत नव्हता. अंग आडवं करून, पोट आत घेऊन, एक पाय शोधून ठेवत, मग दुसरा. एका ठिकाणी त्याने हात छातीशी घेतले. भरल्या ओळीतून लोकांच्या गुडघ्यांना न लागता आपण जातो, तसा तो त्या रिकाम्या फळीवरून गेला.

खाली आल्यावर म्हणाला, "काय नाय. मोकळी हाय पुरी."

"मग आडवा का चालत होतास?"

तो मागे वळून पाचव्या पायरीकडे बघत राहिला. नंतर शर्टाची बाही झटकली, दोन-तीनदा, तिला काही लागलेलं नसताना. म्हणाला, माणसं यायला लागलीत, आता काय करता येत नाही, बघू. आणि तो भराभर मंचाकडे निघून गेला.

७

दुपारी एकपर्यंत पूर्वेची गॅलरी भरली. उन्हाची तिरीप असूनही लोक तिकडेच जात होते. मग स्वयंसेवकांनी आलेल्यांना पश्चिमेकडे वळवायला सुरुवात केली. मी गॅलरीखाली होतो, पट्ट्यांकडे न बघता एकेका ठोकळ्यावर हात ठेवत पुढे सरकत होतो. साठ-सत्तर माणसं वर गेली असतील. तेवढ्यात मधल्या ओळीतला एक ठोकळा माझ्या डोळ्यांसमोर फुटला. साग होता तो, वीतभर जाडीचा. लाकूड फोडताना येतो तसा आवाज झाला आणि त्याची दोन शकलं झाली.

मी बाहेर धावलो, मनोजला शोधण्यासाठी. आणि वर बघितलं तर तिसऱ्या पायरीवर, जिन्याच्या अगदी जवळ, आई बसली होती.

पूर्वेला जागा मिळाली नाही म्हणून तिला इकडे पाठवलं होतं. ती फळीच्या टोकाला बसली होती, अर्धी फळीवर, अर्धी बाहेर, पिशवी मांडीवर घट्ट धरून. तिच्या पलीकडे अख्खी ओळ रिकामी होती.

मी वर गेलो. "आये, कडेला का बसलीस? आत सरक."

"कुठं सरकू? जागा हाय का?"

मी त्या रिकाम्या ओळीकडे बघितलं. माझी नजर कुठे आहे ते बघून तिनेही मान वळवली. ती बराच वेळ बघत राहिली. माझी आई जन्मात कशाला घाबरलेली मी पाहिली नव्हती. तिने माझं मनगट धरलं आणि हळूच, शेजारच्याला धक्का लागू नये तशी उठली. मी तिला खाली आणलं. पूर्वेच्या बाजूला एक खुर्ची मिळाली, तिथे तिला बसवलं.

मनोज फुटलेला ठोकळा बघायला आला. बघितला, हाताने चाचपला. मग स्वतःच माइकवर गेला आणि सांगितलं की पश्चिमेच्या गॅलरीचं काम निघालं आहे, सर्वांनी खाली यावं. लोक कुरकुरले, पण उतरले. काही पोरं पुन्हा चढायला बघत होती. तेव्हा मी आणि दामूदादाने जिनाच काढायला घेतला. आठ क्लॅम्प होते. एक पुढारी येऊन माझ्यावर ओरडत होता, पाहुण्यांसमोर शोभा झाली म्हणून. मी मान वर केली नाही. शेवटचा क्लॅम्प सुटला तेव्हा मनोजनेच पुढे होऊन जिन्याचं दुसरं टोक धरलं. आम्ही तो उचलून बाजूला आडवा ठेवला.

तीनला दिपिकाचा सामना झाला. लोक मॅटच्या तिन्ही बाजूंना दाटीने उभे होते. चौथी बाजू, पश्चिमेची, सगळ्यांनी न सांगता मोकळी सोडली, तिथे फक्त आम्ही दोघं राखणीला उभे होतो. दिपिकाची शाळा चार गुणांनी हरली. पण तिने एका चढाईत तिघींना बाद केलं तेव्हा सगळं मैदान ओरडलं, आणि त्या ओरडण्यात माझ्या पाठीमागे फळ्या एकदम करकरल्या. पाचशे माणसं एकाच वेळी उभी राहिल्यासारख्या. दामूदादा माझ्या शेजारी होता. त्याने मागे बघितलं नाही. मीही नाही.

८

सोमवारी सकाळी आम्ही दोघंच गेलो. मैदानात कागदी कप आणि शेंगांची टरफलं पडली होती. पूर्वेची गॅलरी आधी सोडवली. अकरापर्यंत ती टेम्पोशेजारी रचून झाली.

मग पश्चिमेच्या गॅलरीसमोर उभे राहिलो. टोला मारून बघायची गरज नव्हती, तरी मी मारला. ठक्क. भार असलेली चौकट सोडवायची नसते. एक क्लॅम्प सैल केला तर सगळं अंगावर येईल, हे नवख्यालाही कळतं. पण इथे भार काढायचा कसा?

दामूदादा बिडी ओढत बसला होता. ती त्याने दगडावर विझवली. मग म्हणाला, "जिना काढला आपन. उतरतील कुठून?"

मी त्याच्याकडे बघितलं. त्याचा चेहरा रोजच्यासारखाच होता, पाइप कमी पडतोय म्हणून सांगावं तसा.

आम्ही जिना उचलून पुन्हा जागेवर लावला, आठही क्लॅम्प आवळले. नंतर पन्नासेक पावलं लांब जाऊन बांधावर बसलो, पाठ करून. तसं बसायचं कोणी ठरवलं नाही.

थोड्या वेळाने सर्वांत वरची फळी करकरली. मग तिच्या खालची. मग जिन्याचे आवाज सुरू झाले, एकामागून एक, घाई नसलेले. लोखंड उन्हाने तापलं की आवाज करतं, लाकूड सुकताना करतं, हे मी मनाशी म्हणत होतो. पण लोखंड तापताना वरून खाली ओळीने येत नाही. जिन्यापर्यंत आवाज होते. खाली शेतात भाताची वाळलेली खुंटं होती, त्यांवर मांजर चाललं तरी कुरकुर होते. तिथे काहीच वाजलं नाही. पाचशे माणसांना एका जिन्याने उतरायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ गेला. मधे एकदा दामूदादा कुजबुजला, "दमानं, दमानं," आणि ते मला उद्देशून नव्हतं.

मग गॅलरीने श्वास सोडला.

आम्ही उठलो, टोले मारत गेलो. पाइप वाजायला लागले होते. नट बोटांनी फिरत होते. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळे वाजले, फक्त जिन्याजवळचे दोन सोडून. तिसऱ्या पायरीखालचे. तिथे ठक्क.

"कोन तरी राहिला," दामूदादा म्हणाला.

अर्धा तास थांबलो. दोनदा टोला मारून बघितला. शेवटी मी पाना खाली ठेवला आणि वर गेलो. का गेलो, ते आजही मला नीट सांगता येणार नाही. पुढाऱ्याचं ओरडणं मी ऐकून घेतलं होतं, मुलीला हरताना पाहिलं होतं, दोन रात्री झोपलो नव्हतो, आणि तिथे कोणीतरी एकटं मागे राहिलं होतं. तिसऱ्या पायरीवर जाऊन, उजवीकडे न बघता, मी कोपरात हात वाकवून पुढे केला. आईला बसमधून उतरवताना करतो तसा.

आधी काहीच झालं नाही. मला माझंच हसू यायला लागलं. मग शर्टाची बाही खाली ओढली गेली. खांद्याची शिवण ताणली. हात खाली गेला आणि तो वर धरायला मला पाय रोवावे लागले.

मी एक पायरी उतरलो आणि थांबलो. फळी दोनदा वाजली. दुसरी पायरी. पुन्हा दोनदा. तिथून खाली जिन्याच्या सात पायऱ्या होत्या, त्यांना किती वेळ लागला कोणास ठाऊक, माझा शर्ट पाठीला चिकटला होता. मान एकदाही वळवली नाही. डोळ्याच्या कडेला पांढरं काहीतरी होतं, लुगड्याचं किंवा उन्हाचं. शेवटच्या पायरीवरून मी जमिनीवर पाय ठेवला, तेव्हा बाही सैल झाली.

दामूदादा पाठ करून उभा होता. त्याने वळून त्या दोन पाइपांवर टोले मारले. दोन्ही घंटेसारखे वाजले, आणि आवाज बराच वेळ शेतावर राहिला.

९

घरी मी काही सांगितलं नाही. श्वेताला म्हणालो, जमीन भुसभुशीत निघाली. दिपिका शाळेतून आली, तिची उपविजेतेपदाची ढाल सगळ्या शेजाऱ्यांना दाखवून झाली. दामूदादा परस्पर त्याच्या गावी गेला होता.

दिवेलागणीला मी ओट्यावर बसलो होतो. उजवा खांदा इतका ठणकत होता की चहाचा कप मी डाव्या हातात धरला होता. आई येऊन शेजारी बसली. रविवारपासून ती फारशी बोलली नव्हती. तिने माझ्या खांद्याकडे बघितलं.

"ती माज्या बाजूची उतरली का?" तिने विचारलं.

मी कप खाली ठेवला. "उतरली," मी म्हणालो. "हात दिला मी."

आईने मान हलवली. नंतर तिने पदर सरकवून स्वतःचा उजवा खांदा हळूहळू चोळायला सुरुवात केली.

"जड हाय ना?" ती म्हणाली. "मी बसल्यापासून माज्या अंगावर रेललेली. मला वाटला म्हातारी हाय, दमली असंल. म्हनून मी सरक बोलले नाय."